कोणाची हरकत नव्हती

अर्जाच्या अकराव्या पानावर आउनेची पाठ होती. चेहरा कुठंच नव्हता, तरी ओळखायला इर्याला क्षणही लागला नाही. उजवीकडं जरा जास्त झुकलेली पाठ, फिक्या निळ्या एप्रनची मागं मारलेली गाठ, ओल्या फळ्यांवर टेकलेले गुडघे, आणि झगा वर सरकल्यामुळं उघड्या पडलेल्या गुडघ्यांमागच्या जांभळ्या शिरा. समोर पट्ट्यापट्ट्यांची चिंध्यांची सतरंजी पसरलेली, तिच्यावर साबणाचा फेस, आणि तो फेस फळ्यांच्या फटींतून खाली समुद्रात ओघळत चाललेला. फोटोखाली छापलं होतं: ‘सद्यस्थिती. किनाऱ्याचा असुरक्षित आणि पाणी दूषित करणारा वापर.’

“अजून कॉफी देऊ तुम्हाला?” सेन्यानं विचारलं. ही मुलगी हेलसिंकीहून सकाळच्या गाडीनं आली होती. अनुदानाचे अर्ज लिहून देणं हाच तिचा व्यवसाय, किनाऱ्याच्या नव्या वाटेसाठीचा हा अर्जही तिनंच लिहिला होता, आणि ती मुलगी वाईट नव्हती. तिनं येताना वेलदोड्याचे गोड पावही आणले होते. इर्यानं त्यातला एक अर्धा खाल्ला होता आणि वरची जाड साखर तिच्या बोटांना चिकटून बसली होती. त्याच बोटांनी तिनं पान उलटलं, तर पान बोटालाच चिकटून आलं. बोटं रुमालाला पुसली, पुन्हा पुसली, पण चिकटपणा गेला नाही.

“मावशी, एवढं अक्षर न् अक्षर वाचत बसलीस तर समुद्र आटायचा,” तुओमो म्हणाला. रहिवासी संघाचा हा अध्यक्ष, अठ्ठावन्न वर्षांचा, टकलावर ऊन लागून लाल झालेला. शेजारच्या जिन्यातला मुलगा. त्याला काही हवं असलं की इर्या त्याची मावशी होई, एरवी नुसती इर्या. “चारपर्यंत पाठवायचाय. मी माझी सही केली सकाळीच. तुझे ते बँकेचे आकडे दाबलेस की झालं.”

संघाच्या नियमाप्रमाणं दोन सह्या लागत: अध्यक्षाची आणि चिटणिसाची. चिटणीस इर्या होती, एकतीस वर्षं. सही आता पेनानं करायची नसे. बँकेनं दिलेल्या कागदावरचे आकडे यंत्रात दाबायचे. तो कागद तिच्या पर्समध्ये होता, घडीवर घडी घालून.

“हा फोटो,” ती म्हणाली.

“सुंदर आहे ना?” सेन्या खरोखरच मनापासून म्हणाली. “तुम्हीच दिला होतात. मी दोनदा वापरलाय. एकदा इथं, आणि एकदा एकोणिसाव्या पानावर.”

एकोणिसाव्या पानावर नवा किनारा रंगवलेला होता. रुंद गुळगुळीत वाट, रांगेनं दिवे, आणि जिथं आज सतरंज्या धुण्याचा लाकडी धक्का आहे तिथं समुद्राकडं झेपावलेला एक मंच, बसून पाहण्यासाठी. चित्रात माणसं चिकटवली होती. कानांत यंत्र घालून पळणारी बाई, फुगा धरलेलं पोर, कुत्रा. एकाचीही सावली खाली पडत नव्हती. मंचाच्या कोपऱ्यात एक फलक होता आणि त्या फलकावर नखाएवढी, पण तीच, आउनेची पाठ. ‘सतरंज्या धुण्याच्या परंपरेची माहिती,’ असं शेजारी बाण काढून लिहिलं होतं. अनुदान गुणांवर मिळे: परंपरा जपण्याला तीन गुण होते. पाणी दूषित करणारा वापर थांबवण्याला चार. एकाच पाठीचे सात गुण.

“मी घरी जाऊन नीट वाचते,” इर्या म्हणाली आणि कागद उचलून उठली. तुओमोनं घड्याळाकडं पाहिलं, मग सेन्याकडं पाहिलं. तो आपल्या बापावरच गेला होता. गप्प बसून समोरच्याला घाईला आणायचा.

ती घरी गेली नाही. संघाच्या तळघरातल्या खोलीतून वर येऊन ती बर्चच्या झाडांखालून सरळ किनाऱ्याला लागली. ऑगस्ट संपत आला होता, हवा हलत नव्हती, आणि आखातातलं पाणी हिरव्या शेवाळानं घट्ट झालं होतं, रंग ढवळायला ठेवून माणूस विसरून जावा तसं. दगडांशी जिथं ते साचलं होतं तिथं वरती निळसर साय धरली होती आणि तिला कुजक्या गवताचा वास होता. इर्यानं नाक दाबलं नाही. या वासाची किळस यायला हवी होती आणि येत नव्हती, याचंच तिला नवल वाटत होतं. किळस होती ती हातातल्या गुळगुळीत कागदाची. फोटो दोन वर्षांपूर्वीचा. जूनमधली संध्याकाळ, उजेड तिरपा पडलेला, ओल्या सतरंजीचे लाल-पिवळे पट्टे असे पेटलेले की तिनं पिशवीतून छोटा कॅमेरा काढला आणि आउनेला न सांगता कळ दाबली. सांगितलं असतं तर आउनेनं ब्रश फेकून मारला असता. मग यंदा सेन्यानं विचारलं, लोकांचं किनाऱ्याशी नातं दाखवणारं काही आहे का तुमच्याकडं, आणि इर्यानं अभिमानानं, हो, अभिमानानंच, तो काढून दिला. माणूस देतो काय आणि त्याचं होतं काय. पण नाही, हेही तितकंसं खरं नव्हतं. कागद हातात धरून चालताना तिला ते जाणवत होतं, दाताच्या फटीत अडकलेल्या तंतूसारखं. काढू म्हटलं तर निघत नाही आणि जीभ तिथंच जाते.

डांबरी रस्ता वळणाशी संपतो आणि पुढं खडी, मुळं, चिखल लागतो. तिथं अर्मास उभा होता, बायकोची चाकाची खुर्ची धरून. हिल्काला झटका येऊन चार वर्षं झाली. रोज हा माणूस तिला इथवर आणतो, जिथून समुद्राची बोटभर पट्टी झाडांतून दिसते. दोघं ती पट्टी पाहतात आणि परत फिरतात. पुढं खुर्ची जात नाही. एकदा त्यानं प्रयत्न केला होता, तेव्हा हिल्का मुळावर उलटून पडली आणि तिच्या कपाळाला पाच टाके पडले. संघाला पहिलं पत्र त्यानंच लिहिलं होतं, दोन ओळींचं.

“आज ना?” अर्मासनं विचारलं.

“चारपर्यंत,” इर्या म्हणाली.

“बरं.” त्याच्या मानानं हे भाषणच झालं. हिल्कानं डावा हात थोडा उचलला. इर्यानं कागद नकळत छातीशी धरला, उलटा, अकरावं पान आत.

खडीवरून चालताना तिच्या मनात आलं, हा किनारा आपल्या आठवणीत एवढा गोड का आहे. तो गोड कधीच नव्हता. ती सात-आठ वर्षांची असताना इथं लाकूड कापण्याची गिरणी होती, आणि गिरणीनं सोललेल्या सालींचा थर पाण्याखाली गुडघाभर साचलेला असे. पाय ठेवला की काळी, ऊबदार, लिबलिबीत घाण बोटांच्या मधून वर येई आणि तिच्यातून बुडबुडे फुटत. खाडीपलीकडल्या कागदाच्या कारखान्याचा वास वारा फिरला की येई, शिजून शिजून उतू गेलेल्या कोबीचा. आणि धक्क्यापासून शंभर पावलांवर मैल्याच्या नळाचं तोंड. मुलं त्या नळातून येणाऱ्या गोष्टींना जहाजांची नावं देत आणि कुणाचं जहाज आधी दगडाशी लागतं यावर गोळ्या पैजेला लावत. तिची आई त्याच पाण्यात सतरंज्या धूत असे. लाल झालेले, भेगाळलेले हात, पाइनच्या तपकिरी मऊ साबणाचा दरवळ, बायकांच्या ओरडून चाललेल्या गप्पा. घरात न बोलणाऱ्या त्या बायका इथं मात्र पाण्याच्या आवाजावरून आवाज चढवून सगळं बोलत. कुणाचा नवरा पितो, कुणाला चौथं राहिलं, कुणाच्या मुलीनं काय केलं. उन्हात वाळलेल्या सतरंजीत तोंड खुपसलं की सगळ्या उन्हाळ्याचा वास एकदम येई. त्या वासात मैलाही असणारच. तिला तो कधी आला नव्हता.

आणि मग ती विसाव्या वर्षी शहराच्या इंजिनिअरांच्या कचेरीत टंकलेखनाला लागली. सभा होत, ती इतिवृत्तं टाइप करी. हात स्वच्छ, भाषा स्वच्छ. ज्येष्ठ इंजिनिअर चिरूट विझवत एकदा म्हणाले होते, “सोडा मैला तिथंच, आणखी दहा वर्षं, दुसरीकडं न्यायला कोण पैसे देतंय?” तिनं लिहिलं होतं, ‘विद्यमान व्यवस्था तात्पुरत्या स्वरूपात चालू ठेवण्यात यावी.’ ज्येष्ठ इंजिनिअरांनी वाचलं आणि ते हसले. मुली, तुला लिहिता येतं, म्हणाले. त्या एका वाक्याचं तिला किती दिवस सुख वाटत राहिलं होतं. तात्पुरती व्यवस्था अकरा वर्षं चालली. सातव्या उन्हाळ्यात इर्याच्याच इमारतीतली सहा पोरं काविळीनं पडली आणि त्यांत शेजारचा तुओमोही होता, सहा वर्षांचा. त्याची आई पाळीला कारखान्यात जाई म्हणून इर्या त्याला पेज भरवायला जात असे. पिवळे डोळे, पिवळी जीभ, उशीवर पडल्या पडल्या विचारायचा, “मावशी, मी समुद्र प्यायलो म्हणून झालं का?” नाही रे, ती म्हणायची, हवा बदलली की होतं असं. भरवताना तिला ते वाक्य आठवे, त्यातला शब्द न् शब्द. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. आजही तुओमो मावशी म्हणाला की तिच्या तोंडाला पेजेची चव येते, कोमट आणि चिकट.

धक्क्यावर आउने होती, असणारच होती. शहाऐंशी वर्षांची बाई, गुडघ्यांखाली रबराचा तुकडा घेऊन सतरंजी घासत होती, आणि दर चार-पाच हातांनंतर थांबून समुद्राला काहीतरी ऐकवत होती. बाकी सगळ्यांनी सतरंज्या धुलाईला द्यायला सुरुवात केली त्याला पंधरा वर्षं झाली. आउनेकडं घरातल्या जमिनीपेक्षा सतरंज्या जास्त होत्या. विणणारी तीच, धुणारी तीच. नवरा गेला, मुलगा स्वीडनला गेला; हिवाळाभर ती जुने शर्ट फाडून विणते आणि उन्हाळाभर ते धुते.

“आलीस. पकड ते टोक,” ती मागं न पाहताच म्हणाली. “आणि ते कागद ठेव कुठंतरी. पोस्टात लागलीस का या वयात?”

इर्यानं कागद दगडाखाली ठेवले, टोक पकडलं. दोघींनी सतरंजी उचलून दोन रुळांच्या यंत्रात घातली. आउने दांडा फिरवत होती, इर्या ओढून घेत होती. रुळांतून पाणी पिळून निघत होतं, आधी करडं, मग पांढरं, मग साफ. मनगटांवरून थंड पाणी कोपरापर्यंत ओघळलं आणि बोटांवरची साखर एकदाची गेली.

“दिवे लावणार म्हणे,” आउने म्हणाली. “मग ऑक्टोबरातही येता येईल. आणि ही तिसरी फळी बदलायला सांग तुओमोला. एक दिवस माझा पाय जाईल खाली आणि मग बसा सगळे मासे पकडायला.”

“आउने, धक्का काढून टाकणार आहेत.”

“दुरुस्त करणार आहेत.”

“काढणार आहेत. तिथं बसून समुद्र बघायचा मंच होणार. इथं धुवायचं नाही यापुढं. साबण पाण्यात जातो म्हणून.”

आउनेनं दांडा थांबवला नाही. सतरंजी पूर्ण बाहेर येईपर्यंत फिरवत राहिली. मग हात एप्रनला पुसले. “सभेत असं काही झालं नव्हतं.”

“झालं होतं. सातवा मुद्दा.”

मे महिन्यातली सभा. तळघराची खोली, एकोणीस माणसं, आउने सोडून सगळी मागच्या रांगांत. तुओमोनं नकाशा दाखवला, भराभर बोलला, आणि म्हणाला, कोणाची काही हरकत? एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ गेला. कोणी बोललं नाही. इथं सभेत कोणी बोलत नाही. बोलतात ते नंतर, कोट चढवताना, नाहीतर सौनाच्या वाफेत, आणि तिथं बोललेलं कुणी लिहून घेत नाही. तुओमोनं लाकडी हातोडी आपटली. इर्यानं आउनेकडं पाहिलं होतं. आता ही म्हणेल काहीतरी, शिवीबिवी हासडेल, असं तिला वाटलं होतं. पेन तिनं कागदावर टेकवून धरलं होतं. त्या जागी शाईचा ठिपका पडला, मोठा झाला.

“तू काय लिहिलंस?” आउनेनं विचारलं.

“‘जुन्या धक्क्याच्या जागेचा विकास करण्यात येईल.’”

“विकास.” आउनेनं तो शब्द तोंडात घोळवला, माशाचं हाड जिभेला लागावं तसा. “आणि मी सही केली त्यावर.”

प्रत्येक सभेत इतिवृत्त तपासायला दोघे निवडतात. आउने पुढं बसली होती म्हणून तिचं नाव कुणीतरी सुचवलं. आठवड्यानंतर इर्या कागद घेऊन गेली तेव्हा ती जिन्यात भेटली, दोन्ही हातांत बटाट्यांच्या पिशव्या.

“माझ्याकडं चष्मा नव्हता,” आउने म्हणाली.

“वाचून दाखवू का, असं मी विचारलं होतं.”

“विचारलं होतंस. मी म्हटलं, तू लिहिलंयस ना, मग कशाला.” तिनं ब्रश उचलला, पाण्यात बुचकळला, पुन्हा खाली ठेवला. “मला ते चित्र आवडलं नव्हतं सभेत. पण मला वाटलं, आपल्याला कळलं नसेल. मी तुझ्याकडं बघत होते. म्हटलं, इर्या आहे की. तिच्या हातात पेन आहे.”

इर्या फळीवर बसली. खाली, फटीतून, हिरवं दाट पाणी हलके वर-खाली होत होतं, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखं. तुओमो त्या दिवशी साध्या शब्दांत बोलला होता. ‘धक्का जाईल,’ असं म्हणाला होता, ते दोन शब्द तिला स्पष्ट आठवत होते. तिच्याच हातानं ते गुळगुळीत केले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. एकतीस वर्षं संघात आणि चाळीस वर्षं कचेरीत हा हात हेच करत आला. खडबडीत काही दिसलं की घासून काढायचं, टोचणार नाही असं करायचं, आणि मग लोकांनी म्हणायचं, इर्याचं इतिवृत्त म्हणजे कसं, वाचताना अडखळायला होत नाही. सेन्याला ती कशाला नावं ठेवत होती? ती पोरगी तिचीच भाषा बोलत होती. फक्त अधिक तरुण दातांनी.

तिनं दगडाखालून कागद काढले आणि अकरावं पान आउनेपुढं धरलं. सांगून टाकायचं तर सगळंच.

आउनेनं पान हात लांब करून धरलं. “हे माझं ढुंगण आहे.”

“हो.”

“कुणी काढलं?”

“मी. दोन वर्षं झाली. उजेड चांगला पडला होता.”

“उजेड,” आउने म्हणाली. तिनं खालच्या ओळी वाचल्या, चष्म्याशिवाय, ओठ हलवत. अक्षर मोठं होतं. ‘दूषित’वर ती थांबली. समोरच्या हिरव्या पाण्याकडं तिनं एकदा पाहिलं, मग आपल्या साबणाच्या डब्याकडं. हसू आल्यासारखं तिच्या गालावर काहीतरी झालं आणि तिथंच थांबलं. पान तिनं परत दिलं, कोपऱ्याला धरून.

“काय करू मी?” इर्यानं विचारलं.

“ते मला आज विचारू नकोस,” आउने म्हणाली. “मे महिन्यात विचारायचं होतंस. जा, चार वाजतील.” आणि पाठ फिरवून ती पुन्हा घासू लागली.

परत येताना इर्या वळणाशी थांबली. अर्मास आणि हिल्का गेले होते. खडी जिथं सुरू होते तिथं खुर्चीच्या चाकांनी दोन खळगे पाडले होते, रोज तिथंच थांबून थांबून पडलेले. ते खळगे पाहून तिला आपल्या बाजूनं काहीच उरलं नाही असं वाटलं. तिला कुणी म्हटलं असतं की हे अनुदान म्हणजे लबाडी आहे, तर बरं झालं असतं. पण लबाडी नव्हती. वाट हवी होती. या बाईला समुद्र बोटभर दिसतो, तो पूर्ण दिसायला हवा होता. तुओमो हे स्वतःसाठी करत नव्हता. संध्याकाळचे कितीतरी तास त्यानं या कागदांवर घालवले होते. सगळे चांगले होते. सगळे इतके चांगले होते की कुणाच्या हाताला काही लागलेलं नव्हतं, आणि तरी मधोमध एक म्हातारी पाठ उघडी पडली होती.

ती तळघरात शिरली तेव्हा साडेतीन झाले होते. सेन्यानं यंत्र तिच्याकडं वळवून ठेवलं होतं. पडद्यावर एक रिकामा चौकोन लुकलुकत होता.

“फोटो काढ,” इर्या म्हणाली.

“अकराव्या पानावरचा? काढते.” सेन्यानं बोट दाबलं आणि आउने गेली, सहज, कधी नव्हतीच अशी. “मला वाटलंच, त्यांना आवडणार नाही कदाचित. फलकावर पण दुसरा टाकू?”

“फलक काढ. धक्का ठेव. लिही, की धक्का दुरुस्त करून तिथं सतरंज्या धुणं चालू राहील.”

सेन्यानं तुओमोकडं पाहिलं. “सात गुण जातात,” ती हळूच म्हणाली. “मग आपण रेषेच्या खाली येतो. मी मागच्या वर्षीचे आकडे पाहिलेत. तसा पाठवला तर न पाठवल्यासारखंच आहे.”

“मावशी,” तुओमो म्हणाला, “एक बाई धुते तिथं. एक. किती उन्हाळे धुणार आहे अजून? मी स्वतः तिच्या सतरंज्या गाडीतून धुलाईला नेईन, दर जूनमध्ये. लिहून देतो.” आणि इर्याला ठाऊक होतं की तो नेईल. “पलीकडं हिल्का आहे. लहान मुलांच्या गाड्या आहेत. अंधारात घसरून पडणारे आपण सगळे आहोत. आणि सभेनं ठरवलंय. एकमतानं. तूच लिहिलंयस, आउनेनंच तपासलंय.”

“मी खोटं लिहिलं,” इर्या म्हणाली.

“काय खोटं? त्यात एक शब्द खोटा नाही.”

“म्हणूनच.”

तो गप्प झाला. हे तेच गप्प बसणं होतं, समोरच्याला घाईला आणणारं. इर्या त्याच्या चेहऱ्याकडं पाहत राहिली आणि त्या लाल, घामेजलेल्या, दमलेल्या चेहऱ्याखालून सहा वर्षांचा पिवळा चेहरा वर आला. “तुओमो, तुला लहानपणी कावीळ झाली होती. तू मला विचारलं होतंस, समुद्र प्यायल्यानं झाली का. समुद्रामुळंच झाली होती. तो नळ चालू ठेवायचं ठरलं ते मीच टाइप केलं होतं. असं टाइप केलं की कुणाला वास येऊ नये. मी तुला भरवत होते आणि मला माहीत होतं.”

सेन्यानं आपल्या कपाकडं नजर वळवली. तुओमोनं टकलावरून हात फिरवला, एकदा पुढं, एकदा मागं. “त्याचं आज काय,” तो शेवटी म्हणाला, पण आवाज त्याचा नव्हता. “पन्नास वर्षं झाली.”

“आज सही करायची नाही, एवढंच.”

“दुसरं कुणी करू शकतं का?” सेन्यानं विचारलं. कुणी करू शकत नव्हतं. नियम तसा होता, आणि तो नियम इर्यानंच कधीकाळी नीट शब्दांत बसवला होता. चाराला पाच कमी असताना तुओमो म्हणाला, “मावशी.” नुसतंच. चार वाजले तेव्हा काही झालं नाही. पडद्यावरचा चौकोन करडा पडला. सेन्यानं यंत्र मिटलं, उरलेले पाव कागदात गुंडाळले, तिच्या गाडीची वेळ झाली होती. जाताना तिनं इर्याशी हात मिळवला, आणि तिचा हात गार होता.

तुओमो खुर्च्या उचलून भिंतीशी लावू लागला. “लोकांना सांगू, की वेळेत जमलं नाही,” तो म्हणाला, पाठमोरा. “शेवटच्या दिवशी यंत्रणेवर ताण असतो, होतं असं. कुणी विचारणार नाही. तुझं नाव येणार नाही.”

तो हे दयेनं म्हणत होता. एवढं ऐकून झाल्यावरही त्याच्यात दया उरली होती, आणि तिचाही वास इर्याला तोच आला: मऊ, कोमट, टोचू नये म्हणून घासून गुळगुळीत केलेला. तिचा नकारसुद्धा आता कुणाला न लागता पार पडणार होता. “नाही,” ती म्हणाली. “तसं सांगायचं नाही. मी सांगते.”

“कुठं? पुढची सभा नोव्हेंबरात आहे.”

“दारोदार.”

तुओमो वळला. न सांगता कुणाच्या दाराची घंटा वाजवणं इथं कुणी करत नाही. लोकांना वाटतं, घरात कुणीतरी गेलं. पण इर्या जिना चढायला लागली होती. तीन जिने, बेचाळीस दारं. तिनं पहिलं निवडलं ते सगळ्यांत जड होतं.

घंटेचा आवाज आत लांबवर गेला. अर्मासनं दार उघडलं. “झालं?”

“नाही झालं. मी सही केली नाही.”

“वेळ चुकली?” त्यानं विचारलं. तोही तिला वाट काढून देत होता.

“वेळ होती. मी केली नाही.”

त्यानं दाराच्या कडेवर हात ठेवला. “का?”

एवढ्या वर्षांत हा एवढासा शब्द तिला कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, “आउनेचा धक्का त्यात जात होता. आणि तो जाईल हे कुणाला कळू नये असं मीच लिहून ठेवलं होतं. तुम्हाला वाट मिळाली असती. ती माझ्यामुळं गेली.”

अर्मासच्या मानेवरची शीर वर आली. तो ओरडेल असं तिला वाटलं आणि ती थांबली, मान खाली न घालता. तो ओरडला नाही, पण गप्पही बसला नाही. “चार वर्षं,” तो म्हणाला. “चार वर्षं मी तिला त्या खडीपर्यंत नेतो आणि परत आणतो. तुम्हाला माहीत होतं ते. रोज दिसत होतं तुम्हाला. आउनेला पाय आहेत, ती दुसरीकडं जाऊन धुईल. हिला कुठं नेऊ?” मग त्यानं दार पूर्ण उघडलं. “मला नका सांगू. तिला सांगा. ती दुपारपासून बूट घालून बसलीय. आज अर्ज गेला की बाहेर जाऊन साजरं करायचं म्हणत होती.”

इर्या उंबऱ्याशी वाकली, आपल्या चपला काढल्या, एकाशेजारी एक ठेवल्या आणि मोज्यांनी आत गेली. हिल्का खिडकीशी होती. पायांत पांढरे बूट, नाड्या अर्मासनं बांधलेल्या, तळव्यांना धुळीचा कणही नाही. इर्याला उभ्यानं बोलवेना. ती समोर जमिनीवर बसली.

“हिल्का,” ती म्हणाली, “मी सही केली नाही.”

हिल्काचं तोंड एका बाजूनंच हलायचं, त्यामुळं तिला शब्द जपून वापरावे लागत. ती इर्याकडं पाहत राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं, मायाही नव्हती.

“ऐकलं,” ती म्हणाली. “दार उघडं होतं. पुढं सांग.”